‘म्हणजे मीच चोर का?’

खंडाळा तालुक्यातल्या आमच्या गावच्या तंटामुक्त समितीत मी बरीच वर्षं आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी तंटामुक्त गाव मोहीम राज्यात सुरू झाली. आमच्याकडे येणारी भांडणं बहुतेक बांधाची, वाटेची आणि वाटपाची. त्यांत कधी ना कधी हे वाक्य येतंच: ‘म्हणजे मीच चोर का?’ अशा माणसाशी बोलताना मला उमगलं ते हे.

१. ‘आबा, तुम्ही बांध कोरलात,’ म्हटलं की बोलणं संपलं. ‘आबा, तुमच्या वडिलांच्या वेळी बांध कुठून जायचा?’ असं विचारलं की तेच आबा बाभळीचा खुंट, जुना पाट, गाडीवाट दाखवायला लागतात.

२. सुनेसमोर, पोरांसमोर कुणी माघार घेत नाही. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी एकट्यानं घरी जाऊन यावं.

३. चिडला म्हणजे दोषी, असं धरू नये. आमच्या तालुक्यात महामार्गाला, कालव्याला, शिरवळ-केसुर्डीच्या औद्योगिक वसाहतीला जमिनी गेल्या. ज्याच्या हातात एकदा संपादनाची नोटीस पडली, तो मोजणीचं नाव काढलं तरी बिथरतो. मोजायला आले म्हणजे काहीतरी घेऊनच जाणार, हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं. त्यातून जमिनीचे भाव वाढलेले, म्हणून हातभर पट्टीलाही जीव लागतो. ‘तात्या, तुमचं रान कुणी काढून घेत नाही,’ हे आधी सांगावं, पुन्हा सांगावं. त्याचा श्वास खाली बसला की मग हद्दीचं काढावं.

४. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं. हद्द बघायची ती नकाशावर. दोघं आपापला सातबारा पुढे करतात आणि पुष्कळदा दोघंही खरं बोलत असतात. ते चारचौघांत मान्य करावं. मग भूमी अभिलेखची मोजणी, खर्च निम्मा निम्मा.

५. चूक कबूल न करता सुटता येईल अशी वाट असली तर ती आधी दाखवावी. २०२३ची सलोखा योजना मला म्हणूनच मोलाची वाटते. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान १२ वर्षं असेल, तर १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त होतो. मूळ घुसखोरी कुणी केली, हे उकरायची गरजच उरत नाही.

६. बहीण वाटा मागते तेव्हा मात्र हा मऊपणा जपून वापरावा. भाऊ म्हणतो, ‘आम्ही तुझं काय कमी केलं?’ आणि ती गप्प होते. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव याच तालुक्यातलं, तरी हक्कसोडीचा कागद अजून सहज पुढे सरकवला जातो. भावाला दुखवू नये म्हणून बहिणीला गप्प बसवणं मला मान्य नाही. मी त्याला सांगतो, ‘दादा, दिवाळीची साडी, बाळंतपणं, तुम्ही केलंत ते सगळं खरं. पण तिचा वाटा त्यात वळता होत नाही, तो वेगळाच.’