गुलमोहर का काढावा लागला



उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेत आल्यावर पुष्कळ मुलांनी पहिला प्रश्न हाच केला, "बाई, आपला गुलमोहर कुठे गेला?" पाचवीच्या दोन मुली तर रडल्या. पर्यावरण मंडळाच्या मुलांनी मला लेखी विचारले आहे की "झाडे लावा" असे शिकवणारी शाळा झाड कसे कापते? प्रश्न योग्य आहे, म्हणून उत्तरही लेखी देते.

फेब्रुवारीत बुंध्याजवळ, जमिनीलगत, तपकिरी रंगाची कडक भूछत्रे दिसली. शिपाईकाकांनी ती दोनदा खरडून काढली, पण ती पुन्हा आली. मी उद्यानशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना बोलावले. त्यांनी लाकडी हातोडीने खोड ठोकले, तेव्हा एका बाजूने ढोलासारखा आवाज आला. झाड पोकळ होते, म्हणजे आपण इंदूरकर ज्याला सरळ 'खोखला' म्हणतो तसे.

"पण पाने तर हिरवी होती!" असे सगळेच म्हणाले. मीही म्हणाले. इथेच विज्ञानाचा धडा आहे. झाडात पाणी वाहते ते सालीच्या आतल्या बाहेरील, कोवळ्या लाकडातून. आतला गाभा मृतच असतो, त्याचे काम फक्त झाडाला उभे ठेवण्याचे. बुरशीने गाभा खाल्ला तरी पानांना पाणी मिळतच राहते. म्हणून हिरवी पाने पाहून झाड मजबूत आहे असे ठरवता येत नाही. चंदीगडच्या एका शाळेत 8 जुलै 2022 रोजी वारसा म्हणून जपलेला, सुमारे 250 वर्षांचा पिंपळ मधल्या सुट्टीत कोसळला. एक विद्यार्थिनी दगावली व अनेक मुले जखमी झाली. ती बातमी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

आता गणित. बुंध्याचा घेर 220 सें.मी. त्याला 3.14 ने भागले की व्यास साधारण 70, त्रिज्या 35 सें.मी. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस मॅथेक यांचा एक ठोकताळा आहे की भोवतालचे निरोगी लाकूड त्रिज्येच्या निदान तीन दशांश जाड असावे. म्हणजे आपल्याकडे साडेदहा सें.मी. हवे होते. प्राध्यापकांनी बारीक ड्रिल घातले तर एका बाजूला 6 सें.मी.वरच ते सपकन आत गेले.

उंची मोजली नववीच्या मुलांनी, समरूप त्रिकोणांनी. 1 मीटरच्या काठीची सावली 80 सें.मी. होती, त्याच वेळी झाडाची 9.6 मीटर, म्हणून उंची 12 मीटर. पाचवी 'अ'चा वर्ग बुंध्यापासून 7 मीटरवर. झाडाचा झोकही तिकडेच होता.

फक्त फांद्या छाटून भागेल का, हेही विचारले. फांद्या दोषी असत्या तर भागले असते. इथे बुंधाच गेला होता.

एका विश्वस्तांनी सुचवले की ओळखीचा लाकूडतोड्या फुकट कापून देईल, लाकूड त्याचे. हेतू शाळेचा पैसा वाचावा हाच होता, पण मी नाही म्हटले. 70 सें.मी. व्यासाच्या खोडाचा एक मीटर तुकडा म्हणजे 0.385 घनमीटर. ओले लाकूड पाण्याइतके जड धरले तर सुमारे 385 किलो. तो वर्गाच्या पत्र्यावर पडला तर? शिवाय शेजारून विजेची तार जाते.

आधी नगर निगमच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडे आवेदन दिले. आपल्या प्रदेशात 2001 च्या कायद्यानुसार शहरी भागात झाड कापायला अनुमती लागते, मग ते स्वतःच्या अंगणातले का असेना. घरी धोकादायक झाड असलेल्या पालकांनी हे लक्षात ठेवावे. अनुमती आल्यावर माहीतगार पथक ठरवले. वीज बंद करवली, आवार रिकामे केले, फांद्यांत घरटे नाही हे पाहिले. पोकळ खोडावर चढणे धोक्याचे, म्हणून माणूस शिडीच्या गाडीतून वर गेला. प्रत्येक मोठी फांदी कापण्याआधी दोराने बांधली, मग हळूहळू खाली सोडली. खाली उभा असलेला माणूस हात वर करेपर्यंत वरचा माणूस आरा चालवत नव्हता. शेवटी उरलेला बुंधा. ज्या बाजूला पाडायचा तिकडे आधी पाचरीसारखी खाच, मग मागून काप, आणि मध्ये थोडे लाकूड बिजागरीसारखे राखलेले. तो मोकळ्या मैदानाकडे अगदी सांगितल्यासारखा पडला.

बुंध्यात कुजका भुगा निघाला. आणि एक गोष्ट अशी निघाली, जी मला लिहावीच लागेल. वर्गाच्या विरुद्ध बाजूची दोन जाड मुळे कापलेली होती. काही वर्षांपूर्वी नळाची पाइपलाइन टाकताना मीच ती कापू दिली होती, आणि नंतर चिखल नको म्हणून पेव्हर अगदी खोडापर्यंत बसवून घेतले होते. गुलमोहराची मुळे उथळ पसरतात. कापलेल्या मुळातून बुरशी आत शिरते, आणि झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती फक्त भिंत घालते. त्या वेळी कोणाला विचारले असते तर पाइप दोन मीटर लांबून नेता आला असता.

मागच्या मैदानातल्या कडुनिंबाभोवतीचे पेव्हर या आठवड्यात काढले जातील. चिखल होईल, पालकांनी गणवेशाची तक्रार करू नये. भिंतीपासून दूर दोन बकुळीची रोपे लावली आहेत, त्यांना पाणी सहावीची मुले घालतील. गुलमोहराची एक चकती प्रयोगशाळेत ठेवली आहे, तिच्यात पोकळी स्पष्ट दिसते. नववी-दहावीच्या मुलांनी घराजवळच्या एका झाडाचा घेर, उंची व भिंतीपासूनचे अंतर वहीत मांडून महिनाअखेरपर्यंत विज्ञान शिक्षकांकडे द्यावे. बुंध्यावर भूछत्र दिसले तर ते खरडू नये, आधी मला सांगावे.