जाहिरातीचे पाच हजार कुठे घालू?

प्रश्न : मी कराडला घरी कांदा-लसूण मसाला करून विकते. ओळखीचे लोक नेतात, पण त्यापुढे गिऱ्हाईक वाढत नाही. इन्स्टाग्रामवर पाच हजारांची जाहिरात करू का?

उत्तर : ताई, एवढ्यात नको. नागपूरहून पाव किलोची ऑर्डर आली तर मसाल्यापेक्षा कुरिअरचाच हिशेब जड जाईल. आधी जुनं गिऱ्हाईक धरा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट मिळतं; त्यात कॅटलॉग लावा आणि दर स्वच्छ लिहा. (दर लपवून ‘इनबॉक्स करा’ म्हणणाऱ्यांचा मला भारी राग येतो.) एका ब्रॉडकास्ट यादीत 256 जण मावतात, पण तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच निरोप पोचतो. म्हणून पाकिटावर नंबर ठळक छापा. एफएसएसएआयचा क्रमांकही हवा, तो कायद्यानेच लागतो.

खर्च करायचाच तर नमुन्याच्या छोट्या पुड्या करा. मसाला वासावर खपतो, फोटोवर नाही. उन्हाळ्यात लोक वर्षाचा मसाला भरतात, त्याच्या थोडं आधी त्या वाटा. मिसळवाले आणि खानावळींना तर आधी. बचत गटात असाल तर पंचायत समितीत बचत गटांचं काम बघणाऱ्या ‘उमेद’ अभियानाच्या लोकांना भेटा आणि महालक्ष्मी सरस प्रदर्शनातल्या स्टॉलची चौकशी करा.