दारू सोडताना मेंदूत काय घडते?

वस्तीतला एखादा रोज पिणारा माणूस अचानक दारू सोडतो. दुसऱ्या दिवशी त्याचे हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे चालताना दिसतात. घरचे म्हणतात, बाहेरचे लागले. शेजारी म्हणतात, पुन्हा पिण्यासाठी नाटक करतो. दोघेही चुकतात.

मेंदूतील मज्जापेशी एकमेकींना निरोप देतात. दोन पेशींमध्ये सूक्ष्म फट असते आणि बहुतेक निरोप ती रासायनिक द्रव्यांच्या मदतीने ओलांडतात. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची मज्जा उत्तेजित करून त्याचे ठोके मंद केले. मग त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले! मज्जेचा निरोप रसायनातून जातो, हे असे सिद्ध झाले. १९३६ चे नोबेल पारितोषिक त्यांना हेन्री डेल यांच्यासमवेत मिळाले.

मेंदूला शांत करणारे द्रव्य म्हणजे गाबा. चेतवणारे द्रव्य म्हणजे ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते व ग्लुटामेटचा दाबते, म्हणून पिणारा सैलावतो. पण रोजच असे झाले की मेंदू तोल राखण्यासाठी उलट बाजूने ओढू लागतो. ही रस्सीखेचच समजा. एका बाजूने दोर एकदम सोडला की दुसरी बाजू कोसळते. दारू बंद होताच चेतवणारी बाजू मोकाट सुटते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतरचा भ्रम, ताप व धडधड उपचाराविना प्राणघातक ठरू शकते.

पाचव्या शीलाचे महत्त्व आपण सांगतो ते योग्यच. परंतु वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू सोडवणे हा उपचार नव्हे. रुग्णालयात मेंदू शांत करणारी औषधे देऊन ती हळूहळू कमी करतात. सोबत थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देतात, कारण त्याच्या अभावी स्मृतीची कायमची हानी होऊ शकते.

पुढे महिन्यांनी गुत्त्यावरून जाताना ओढ लागते, ती डोपामिनची करामत. तो वेगळा विषय आहे.

रुग्णाला नेताना तो रोज किती पीत होता व शेवटचे केव्हा प्याला, हे डॉक्टरांना खरे सांगावे. लाजेपोटी घरची मंडळी आकडा निम्मा करतात आणि औषधाची मात्रा ठरवताना डॉक्टर तोच धरून चालतात.