भुईवरील भुंगेरा व पाण्याकांठची टाचणी

पिकांत दिसणारा प्रत्येक किडा शेतकऱ्याचा वैरी नसतो. कांहीं किडे दुसऱ्या किड्यांस मारून खातात. त्यांस परभक्षी म्हणतात. यवतमाळ जिल्ह्याच्या कपाशी-तुरीच्या रानांत उपयोगी पडणाऱ्या अशा दोन जीवांची येथें तुलना करूं.

पहिला लहान भुईभुंगेरा. हा बहुधा काळा असून त्याचे वरचे पंख झांकणासारखे कठीण असतात. दिवसा तो ढेकळाखालीं व पालापाचोळ्यांत दडतो. रात्रीं चपळाईनें धांवून भुईवरील अळ्या, अंडीं व कोष बळकट जबड्यांनीं फोडून खातो. अंडें, अळी, कोष व भुंगेरा अशा त्याच्या चार अवस्था. त्याची अळीही मातींत शिकारच करते.

दुसरी टाचणी. ही चतुराच्या गोत्रांतली. परंतु चतुर बसतांना पंख पसरून ठेवतो, तर बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटतात. ती दिवसा उडून कांटेरी पायांच्या ओंजळींत तुडतुडे, डांस व लहान पतंग धरते. तिला कोषावस्था नाहीं. तिचें पिल्लूं नाल्या-तळ्यांच्या पाण्यांत वाढतें, शेपटाकडील पानांसारख्या तीन कल्ल्यांनीं श्वास घेतें आणि दुमडलेला खालचा ओंठ एकदम पुढें फेंकून डांसांच्या अळ्या पकडतें.

म्हणजे एकाची राखण रात्रीं भुईवर, दुसरीची दिवसा हवेंत. मात्र बोंडांत शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत दोघांपैकीं कोणीच पोंचत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

सरसकट फवारणीनें हे दोन्ही राखणदार मरतात. औषध नाल्यांत उतरलें तर टाचणीचीं पिल्लेंही जातात. त्याहून मोठी हानि मनुष्याची. २०१७ सालीं याच जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. म्हणून आमची सूचना अशी कीं, कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्रीं प्रत्येकीं ८ पतंग, अथवा शेंकडा १० फुलें-बोंडें किडलेलीं आढळल्यावांचून गुलाबी अळीसाठीं फवारा मारूं नये. धुऱ्यावरील गवत जाळूं नये. नाल्यांत पंप धुऊं नये.

सायंकाळीं एक पेला, त्याचा कांठ मातीच्या सपाटीस येईल असा, भुईंत पुरावा. सकाळीं आंत पडलेले भुंगेरे मोजून सोडून द्यावे. आपल्या रानांत राखणदार किती आहेत हें ज्यास ठाऊक, त्याचा हात पंपाकडे उगाच जाणार नाहीं.