पंचेचाळीस संधींवरून हंगामाचा अंदाज

क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या एकूण धावांना तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागून सरासरी काढतात. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये रीत निराळी आहे. क्षेत्ररक्षकाची चूक नसताना फलंदाज चेंडू टोलवून पहिल्या तळावर सुखरूप पोहोचला, की ती एक 'हिट' होते. हिटच्या संख्येला मिळालेल्या संधींनी भागले, की त्याची सरासरी मिळते.

१९७० च्या हंगामात पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या रॉबेर्तो क्लेमेंटेने पहिल्या ४५ संधींत १८ हिट मिळवल्या. त्याची सरासरी झाली ०.४००. न्यूयॉर्क यांकीज संघातील नवोदित थर्मन मन्सनला तेवढ्याच संधींत अवघ्या ८ हिट मिळाल्या, सरासरी ०.१७८. उरलेल्या हंगामात हे दोघे कसे खेळतील? 'आतापर्यंत खेळले तसेच', हे उत्तर चटकन सुचते. पण ते कितपत बरोबर आहे?

समजा, सर्व खेळाडूंचे कौशल्य अगदी सारखे, ०.२६५ इतके आहे. मग ४५ संधींत प्रत्येकाला सुमारे १२ हिट मिळायला हव्यात. परंतु निव्वळ योगायोगाने हा आकडा कमीजास्त होतो. त्याचे प्रमाण विचलन √(४५ × ०.२६५ × ०.७३५), म्हणजे सुमारे ३ येते. तेव्हा कौशल्य सारखे असूनही कोणाला ९, तर कोणाला १५ हिट सहज मिळतील. याचा अर्थ, सुरुवातीच्या आकड्यात कौशल्याबरोबर नशिबाचाही वाटा असतो. कौशल्य पुढे टिकते. नशीब टिकेलच असे नाही.

मग नशिबाचा वाटा वजा कसा करायचा? चार्ल्स स्टाइन या संख्याशास्त्रज्ञाने १९५६ साली या प्रश्नाचा पाया घातला आणि १९६१ साली विलार्ड जेम्ससह त्याची रीत दिली. ब्रॅडली एफ्रॉन व कार्ल मॉरिस यांनी १९७७ साली ती १९७० च्या हंगामातील १८ खेळाडूंना लावून दाखवली. या सर्वांची पहिल्या ४५ संधींची मिळून सरासरी ०.२६५ होती. प्रत्येकाचा आकडा त्या सरासरीकडे ओढायचा:

अंदाज = ०.२६५ + ०.२१२ × (खेळाडूची सरासरी − ०.२६५)

०.२१२ हा गुणक खेळाडूंच्या आकड्यांतील एकूण फरक आणि योगायोगाने होणारा फरक यांच्या तुलनेतून मिळतो. संधी वाढल्या, की योगायोगाचा वाटा घटतो आणि गुणक १ च्या जवळ जातो.

आता ताळा पाहू:

क्लेमेंटे: सुरुवात ०.४००, अंदाज ०.२९४, उरलेला हंगाम ०.३४६
फ्रँक रॉबिन्सन: सुरुवात ०.३७८, अंदाज ०.२८९, उरलेला हंगाम ०.२९८
मन्सन: सुरुवात ०.१७८, अंदाज ०.२४७, उरलेला हंगाम ०.३१६

१८ पैकी १६ खेळाडूंच्या बाबतीत ओढलेला अंदाज सत्याच्या अधिक जवळ ठरला. चुकांच्या वर्गांची बेरीज सुमारे साडेतीनपटीने घटली.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. क्लेमेंटेचा अंदाज फार खाली गेला. त्याने त्याआधी चार वेळा नॅशनल लीगमधील सर्वोच्च सरासरीचा मान मिळवला होता. सूत्राला ते ठाऊक नव्हते. सूत्र गटासाठी चांगले असले, तरी एखाद्या असामान्य व्यक्तीवर ते अन्याय करू शकते. उलट, केवळ ८ हिट पाहून मन्सनला कोणी नालायक ठरवले असते, तर ती घोडचूक झाली असती. त्याच वर्षी तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला!

करून पाहा: वर्गातील प्रत्येकाने फासा ४५ वेळा टाकावा. ५ किंवा ६ पडल्यास ती 'हिट' समजावी. सर्वांत जास्त व सर्वांत कमी हिट मिळालेल्या प्रत्येकी पाच जणांनी पुन्हा ४५ वेळा फासा टाकावा. दोन्ही गटांच्या नव्या सरासरी १५ च्या किती जवळ येतात, ते नोंदवा. फाशाला कौशल्य नसते, हे आपल्याला माहीत आहे. मग एकाच चाचणीतील गुणांवरून एखाद्याला हुशार किंवा मठ्ठ ठरवावे काय, याचा वर्गात विचार करा.