बादलीभर ऊन पाणी

मुलांनो, हातकणंगल्यास ज्या आळीत मी राहतो, तेथे माझ्या घरास लागूनच एक लहानसे कुटुंब राहते. घरात माणसे पाच: आजी, आई, वडील, दहावीत शिकणारा मुलगा आणि सातवीत शिकणारी मुलगी. वडील इचलकरंजीस यंत्रमागावर कामास जातात. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली सुरू झाला असे सांगतात; आज त्या गावातील असंख्य चुली मागांच्या खडखडाटावर पेटतात. आई घरी कपडे शिवते. दोघांच्या मिळकतीत संसार नेटका चाले, पण शिल्लक अशी फारशी उरत नसे.

एके वर्षी पौष महिन्यात त्या घरी विजेचे बिल आले आणि ते पाहून सर्वांचे धाबे दणाणले. मागल्या वर्षी त्याच महिन्यात जेवढे बिल आले होते, त्याच्या अडीचपटीहूनही ते अधिक होते. विजेचे दर वाढल्याचे सर्वांच्या कानी आले होते, पण एवढे? आजींनी त्याच रात्री निकाल दिला. मुलगा अभ्यासासाठी रात्री चार-चार तास दिवा जाळतो, हेच याचे कारण! दुसऱ्या दिवसापासून रात्री नऊ वाजता दिवा मालवण्याचा नियम झाला.

मुलगा बिचारा काही बोलला नाही. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. तो पुस्तके घेऊन आगगाडीच्या स्थानकावर जाऊ लागला आणि फलाटावरील दिव्याखाली बाकावर बसून अभ्यास करू लागला. मिरजेहून कोल्हापूरकडे जाणारी गाडी आली की गोंगाट होई. ती गेली की पुन्हा शांतता. मला हे कळले, तेव्हा मी त्याची पाठ थोपटली आणि रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास करून मोठ्या झालेल्या पुरुषांच्या गोष्टी त्यास सांगितल्या. आज ते आठवले म्हणजे मला माझीच लाज वाटते. थंडीत कुडकुडणाऱ्या मुलास गोष्टी सांगण्यापूर्वी मी ते बिल एकदा हाती घेऊन पाहावयास हवे होते. ते काम त्याच्या धाकट्या बहिणीने केले.

त्या घरी जुनी बिले फेकून देत नसत; एका वाकविलेल्या तारेत ती ओवून ठेवलेली असत. मुलीने तारेतून मागल्या वर्षीच्या पौषाचे बिल काढले आणि दोन्ही कागद घेऊन ती माझ्याकडे आली. "गुरुजी, दर वाढला हे खरे," ती म्हणाली, "पण युनिटेही वाढली आहेत. मागल्या वर्षी ८८ होती, यंदा १६३ आहेत. ही ७५ युनिटे कोठून आली?"

युनिट म्हणजे काय, हे तुम्हांस ठाऊक असेलच. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. मग तिने दिव्याचा हिशेब मांडला. घरातील दिवा नऊ वॅटचा. तो रोज चार तास जळला तर छत्तीस वॅट-तास. तीस दिवसांचे १०८० वॅट-तास, म्हणजे महिन्यास एक युनिट आणि वर थोडेसे. पंचाहत्तरांपैकी भावाच्या वाट्यास आले ते एवढेच! पूर्वीचा साठ वॅटचा तारेचा दिवा असता, तर त्यास सात युनिटे लागली असती. त्या दिव्यात बहुतेक वीज उष्णतेत जाई, प्रकाश थोडाच मिळे. आजींच्या मनात तोच जुना दिवा अजून जळत होता.

मग उरलेली युनिटे कोणी खाल्ली? वडिलांच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांना समोर उभे करून, मुलीने एक प्रयोग केला. घरातील सर्व बटणे बंद केली. विजेच्या मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो. तो किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट होते, हे मीटरवरच छापलेले असते. त्यांच्या मीटरवर ३२०० हा आकडा होता. प्रथम तिने अभ्यासाचा दिवा लावला. तांबडा ठिपका एकदा चमकला आणि पुन्हा चमकण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला. तो मालवून पंखा लावला. आता सुमारे पंधरा सेकंदांस एकदा. शेवटी वडिलांनी स्नानाच्या पाण्याच्या बादलीत हीटरची कांडी सोडली आणि बटण दाबले. तांबडा ठिपका जवळजवळ प्रत्येक सेकंदास चमकू लागला! आजी चष्मा सावरून पाहतच राहिल्या.

ही कांडी दिवाळीत घरी आली होती. तोपर्यंत पाणी तापत असे अंगणातील तांब्याच्या बंबात. पण त्याचा तळ गळू लागला, म्हणून तो माळ्यावर गेला आणि पुढे मोडीत घालावयाचा ठरला होता. कांडी हजार वॅटची. वीस लिटर गार पाणी स्नानाजोगे तापविण्यास तिला साधारण अर्धा तास लागे, म्हणजे अर्धे युनिट. पाच माणसांच्या पाच बादल्या, रोजची अडीच युनिटे, महिन्याची पंचाहत्तर. हिशेब जमला. एका बादलीच्या विजेत अभ्यासाचा दिवा पंचावन्न तास जळला असता!

असे का व्हावे? पाणी हा पदार्थ तापण्यास फार उष्णता मागतो. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी लागते. मग वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवावयाचे म्हणजे चारशे. एका युनिटात सुमारे आठशे साठ किलोकॅलरी असतात. तेव्हा यात कांडीचा दोष नाही. कोणत्याही विजेच्या हीटरने एवढे पाणी तापविले तरी जवळजवळ एवढीच वीज लागेल. घरातील जे उपकरण तापविते, ते वीज अधिक घेते: हीटर, इस्त्री, विजेची शेगडी. दिवा डोळ्यांस दिसतो, म्हणून चोरीचा आळ त्याच्यावर येतो. (प्रयोग करावयाचा तर घरातील मोठ्या माणसांबरोबरच करा. कांडी चालू असताना पाण्यात बोट घालून पाहण्याची खोड जीवावर बेतते.)

आता बिल अडीचपटीहून अधिक कसे झाले, ते पाहू. युनिटे तर दुपटीहूनही कमीच वाढली होती. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या शंभर युनिटांस एक दर. त्यापुढील दोनशे युनिटांस त्याच्या सुमारे दुप्पट. पहिला दर एक भाग धरला, तर ८८ युनिटांचे ८८ भाग झाले. परंतु १६३ युनिटांचे १०० अधिक १२६, म्हणजे २२६ भाग! दरवाढ त्यावर आणखी निराळी. म्हणून ज्या घराचा खर्च शंभराच्या आसपास असतो, त्या घराने वाचविलेली शेवटची दहा-वीस युनिटे सर्वांत महाग असतात. हे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. बिलात 'इंधन समायोजन आकार' असाही एक रकाना असतो. आपल्या कोयनेच्या पाण्यावर १९६२ सालापासून वीज निर्माण होत आहे. परंतु राज्यातील बहुतेक वीज कोळसा जाळूनच मिळते, आणि इंधनाचा खर्च चढला की त्याचा भार या रकान्यातून आपल्यापर्यंत येतो.

पुढल्या रविवारी बंब माळ्यावरून उतरला. तांबटाने तळास डाग दिला. बंबाची रचना तुम्ही कधी नीट पाहिली आहे काय? मधोमध धुराडे, त्यात विस्तव आणि सभोवार पाणी. उष्णता निसटून जाण्यास वाटच थोडी. आपल्या तालुक्यात ऊस मुबलक. गुऱ्हाळावर उसाचा रस आटविण्यास त्याच उसाचे वाळलेले चिपाड चुलवणात घालतात. बंबासही ते चालते, नारळाच्या करवंट्याही चालतात. धूर मात्र होतो, हे लपविण्यात अर्थ नाही. म्हणून बंब उघड्या अंगणात, वाऱ्याच्या बाजूस ठेवावा. घरात कदापि नव्हे. उन्हाळ्यात या कुटुंबाने आणखी एक युक्ती केली. काळ्या रंगाचे पिंप पाण्याने भरून गच्चीवर ठेवले. दुपारपर्यंत पाणी आपोआप कोमट होई. ज्यांना ऐपत असेल त्यांनी छपरावर सौरबंब बसवावा.

मुलीचा उत्साह मग स्वयंपाकघराकडे वळला. आपल्या देशास लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक परदेशांतून येतो, तेव्हा तिकडील भाव चढले की इकडील सिलिंडरही महागते. तिने आईला सांगितले, की पाण्यास एकदा उकळी फुटली म्हणजे आच कितीही वाढविली तरी ते अधिक तापत नाही. वाफ तेवढी अधिक होते. तेव्हा उकळी येताच आच मंद करावी आणि भांड्यावर झाकण ठेवावे. कुकरात वाफ कोंडली जाते, म्हणून पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि डाळ लवकर शिजते. "हे मला तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे," असे आई म्हणाली, आणि डाळ आधी भिजत घातली तर आणखी गॅस वाचतो, हे तिने उलट लेकीसच शिकविले.

माघातले बिल आले, ते ९१ युनिटांचे. मुलीने ते तारेत ओवले. त्याआधीच, प्रयोगाच्या दिवशी सायंकाळी, मुलगा नेहमीप्रमाणे पुस्तके काखेत मारून स्थानकाकडे निघाला होता. आजींनी त्यास दारातच अडविले, पुस्तके काढून घेतली आणि स्वतः बटण दाबून त्याच्या मेजावरचा दिवा लावला.