पॉप-अपमध्ये किडामुंगीला मज्जाव

पेनसिल्व्हेनियात आमच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या पॉप-अप कॅम्परमध्ये जातात. गाडीमागे जोडून न्यायची ही घडीची खोली. हँडल फिरवलं की छप्पर वर येतं, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर ओढायचे आणि कापडी भिंती ताणून वेल्क्रोने बसवायच्या. पक्क्या घराच्या फटी एकदा बुजवल्या की झालं. इथे भिंती दर मुक्कामी नव्याने उभ्या राहतात, म्हणून फटीही दर मुक्कामी नव्याने शोधाव्या लागतात.

१. खिडकीच्या जाळीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण डास शिरतात ते कोपऱ्यांतून. पलंग बाहेर सरकतो तिथे कापड, फळी आणि खालची पेटी यांच्यामध्ये बोट जाईल एवढी जागा राहते. दुसरी जागा दाराची. त्याच्या दोन्ही बाजूंच्या कापडी पट्ट्या चौकटीला नीट चिकटलेल्या नसतात. दिवसाउजेडी आत जाऊन सगळे पडदे लावा आणि बघा. उन्हाची तिरीप दिसेल तिथून डासही येईल. कोपऱ्यांत मुलांच्या पोहण्याच्या फोमच्या नळीचे तुकडे कापून दाबून बसवा. भिजले तरी ते कुजत नाहीत. वेल्क्रो जुना झाला असेल तर नवा शिवून घ्या, नुसता चिकटवलेला उन्हाने सुटतो. हे सगळं दिवेलागणीच्या आत व्हायला हवं.

२. मेरीलँडच्या असाटीग बेटावर समुद्रकाठी उतरायचं असेल, तर डासांइतकीच ‘नो-सी-अम’ नावाच्या चिलटांची तयारी ठेवा. ती एक ते तीन मिलिमीटरची असतात आणि खिडकीच्या नेहमीच्या जाळीतून सहज आत येतात. बारीक विणीची जाळी मिळते, पण तिने वाराही अडतो. आमचा भरवसा बारा व्होल्टच्या पंख्यावर आहे. या चिलटांना आणि डासांना वाऱ्यात नीट उडता येत नाही. पंखा पलंगाच्या रोखाने लावला की अंगावर बसणं त्यांना कठीण जातं, आणि उकाड्यात झोपही लागते.

३. मुंग्यांच्या वाटा मोजक्याच असतात: चाकं, टेकूचे जॅक, पुढचा दांडा, विजेची वायर आणि पाण्याचा पाइप. आपल्याकडे दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तसाच विचार इथे करायचा. जॅकभोवती डायटोमेशियस अर्थची कोरडी पूड टाका. ओली झाली की ती निकामी होते, म्हणून पावसानंतर पुन्हा टाका. बोरॅक्सचं गोड आमिष बाहेरच्या वाटेवर ठेवा, कामकरी मुंग्या ते वारुळापर्यंत नेतात. भारतातून बॅगेत आणलेला कीटकनाशक खडू मात्र वापरू नका. अमेरिकेत त्याच्यावर बंदी आहे, आणि लहान मुलांना तो फळ्यावरचा खडूच वाटतो. गूळ, लाडू, चिवड्याचे डबे रात्री बंद गाडीत ठेवा. आमच्या डोंगरात काळी अस्वलं आहेत, त्यामुळे तसंही ते ठेवावेच लागतात.

४. दाराबाहेर पांढऱ्याऐवजी पिवळा बल्ब लावा. किडे कमी जमतात.

५. या मुद्द्यावर मी कुणाशी तडजोड करत नाही. हिवाळाभर कॅम्पर बंद पडून असतो, तेव्हा कोळी गॅसच्या बर्नरच्या नळीत जाळं विणतात. उन्हाळ्यात कुंभारीण माश्या हीटरच्या आणि फ्रिजच्या झरोक्यांत मातीची घरटी बांधतात. हवा अडली की निळी ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. म्हणून मोसमाच्या सुरुवातीला बर्नर साफ करून घ्या, झरोक्यांवर धातूची जाळी बसवा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासा. बाकीचे किडे झोपमोड करतात. हे जिवावर बेतू शकतं.

६. घडी घालून निघताना उलटी तपासणी करायची: आपण काय घेऊन चाललोय? स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा परदेशी किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो २०१४ मध्ये, आमच्याच राज्यातल्या बर्क्स काउंटीत. द्राक्षवेलींचा तो शत्रू आहे. त्याची मादी शरद ऋतूत झाडांवर, दगडांवर, ट्रेलरवर, कुठेही अंडी घालते, आणि ती वाळलेल्या चिखलाच्या पट्ट्यासारखी दिसतात. चाकांच्या वरची कमान, चौकटीची खालची बाजू, जॅक, दारापुढच्या गुंडाळलेल्या कापडी छताची पिशवी हे सगळं टॉर्च घेऊन बघा. अंडी दिसली तर जुन्या कार्डाने खरवडून अल्कोहोलच्या पिशवीत टाका. जळाऊ लाकडाचंही तेच. डेट्रॉइटजवळ २००२ मध्ये एमराल्ड ॲश बोरर हा किडा सापडला. त्याने पुढे कोट्यवधी ॲश वृक्ष मारले, आणि त्याच्या अळ्या लोकांनी सहलीला नेलेल्या लाकडांतूनही दूरदूर पोचल्या. लाकूड जिथे जाळायचं तिथेच विकत घ्या, आणि उरलं तर शेजारच्या तंबूवाल्यांना देऊन या.